हेंड्रिक्स गेल्यानंतर आलेल्या हेंड्रिक्सच्या एलपी : निवडाव्या कशा, तपासाव्या कशा, ऐकाव्या कशा

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये गेला. वय २७. स्टुडिओत बसून पूर्ण केलेल्या त्याच्या एलपी तेव्हा तीनच होत्या : 'आर यू एक्सपिरियन्स्ड' आणि 'अ‍ॅक्सिस : बोल्ड अ‍ॅज लव्ह' या १९६७ च्या, आणि १९६८ ची दुहेरी 'इलेक्ट्रिक लेडीलँड'. 'बँड ऑफ जिप्सीज' ही मैफलीची एलपी १९७० च्या मार्चमध्ये आली. एवढंच त्याने स्वतःच्या हाताने लोकांसमोर ठेवलं. आज मात्र रेकॉर्डच्या दुकानात त्याच्या नावाचा खण चाळायला घेतला की त्याने कधी पाहिल्याच नाहीत अशा एलपी जास्त निघतात. त्यातल्या बऱ्याच जणींवर स्टिकर असतो : पूर्वी कधीही न ऐकलेली स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज.

हा लेख त्या स्टिकरसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. आयात केलेली दुहेरी एलपी काही हजारांना पडते, तेव्हा घाई नको. माझं म्हणणं थोडक्यात असं : गाण्यांची यादी नंतर वाचा, आधी श्रेयनामावली वाचा. टेप कधीची, वाजवलं कोणी, आणि तो गेल्यावर त्या टेपला हात कोणी लावला, या तीन गोष्टी कळल्या की एलपी घ्यायची की नाही हे जवळजवळ ठरतंच.

पायरी १ : टेप्स एवढ्या का उरल्या ते समजून घ्या

१९६७ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत हेंड्रिक्स चार ट्रॅकच्या टेपवर काम करत होता. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढचं वाजवायचं. म्हणजे ड्रम, बास आणि पहिली गिटार एकदा एकत्र झाली की ती नंतर कोणालाच वेगळी काढता येत नव्हती. न्यूयॉर्कला आल्यावर, विशेषतः १९६९-७० मध्ये, सोळा ट्रॅकच्या टेप हाताशी आल्या. प्रत्येक वाद्याला स्वतःची पट्टी मिळाली. बासवादक आवडला नाही तर तेवढीच पट्टी पुसून दुसरा माणूस बसवता येऊ लागला. हेंड्रिक्स जिवंत असताना ही त्याची सोय होती. तो गेल्यावर तीच सोय इतरांच्या हातात आली. पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या सवयीची. न्यूयॉर्कच्या 'रेकॉर्ड प्लांट' या स्टुडिओत तो रात्र रात्र जॅम करायचा, म्हणजे न ठरवता सुचेल तसं वाजवायचा, क्लबमधून भेटेल त्याला सोबत घेऊन यायचा आणि टेप फिरत राहायची. एकच गाणं महिनोन् महिने वेगवेगळ्या साथीदारांसोबत वाजवून बघायचा. त्यातून स्वतःचा स्टुडिओ हवा असं झालं आणि न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, ५२ वेस्ट एट्थ स्ट्रीटवर, इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओज उभा राहिला. रीतसर उद्घाटन २६ ऑगस्ट १९७० ला झालं, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम तीन आठवडे आधी. चौथ्या एलपीचं काम मात्र तिथे जूनपासूनच सुरू होतं. त्या उन्हाळ्यातल्या टेप्स हा या सगळ्या खजिन्यातला सर्वांत मौल्यवान भाग. तिथे तो जॅम करत नव्हता, एलपी बांधत होता.

पायरी २ : एलपी कोणाच्या अमलातली आहे ते बघा

मुखपृष्ठ उलटा आणि मागच्या बाजूचं वर्ष शोधा. हेंड्रिक्सने मृत्युपत्र केलं नव्हतं. वारसा वडिलांकडे, अल हेंड्रिक्स यांच्याकडे गेला, पण टेप्सवर प्रत्यक्ष अंमल वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांचा राहिला. ढोबळमानाने तीन काळ धरा.

पहिला काळ १९७१ ते १९७३-७४ चा. मॅनेजर माइक जेफ्री आणि ज्याने ऑलिम्पिकपासून हेंड्रिक्सचं ध्वनिमुद्रण केलं तो इंजिनिअर एडी क्रेमर. मार्च १९७१ ची 'द क्राय ऑफ लव्ह' क्रेमर आणि ड्रमर मिच मिचेल यांनी पूर्ण केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'रेनबो ब्रिज' आली. या दोन्ही एलपी उत्तम आहेत आणि मुख्यतः इलेक्ट्रिक लेडीतल्या कामावर उभ्या आहेत. अडचण एवढीच की एक एलपी व्हायची ती गाणी कंपनीने दोन-तीन ठिकाणी वाटली. १९७२ च्या 'वॉर हीरोज'पर्यंत येता येता तळाचं खरवडायला सुरुवात झालेली दिसते.

दुसरा काळ निर्माता अ‍ॅलन डग्लसचा, १९९५ पर्यंतचा. याच्याबद्दल पायरी ४ मध्ये सविस्तर.

तिसरा काळ १९९५ नंतरचा. लांबलेल्या कोर्टकज्ज्यानंतर हक्क अल हेंड्रिक्स यांच्याकडे परत आले आणि कुटुंबाची 'एक्सपिरियन्स हेंड्रिक्स' ही कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून निर्मात्यांच्या जागी बहुतेक तीच तीन नावं दिसतात : जेनी हेंड्रिक्स, एडी क्रेमर आणि जॉन मॅकडरमॉट. १९९७ ची 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' ही अपुऱ्या चौथ्या एलपीची १७ गाण्यांची मांडणी याच घरातली. त्यानंतर स्टुडिओतल्या न ऐकलेल्या टेप्सची त्रयी आली : २०१० ची 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून', २०१३ ची 'पीपल, हेल अँड एंजल्स' आणि २०१८ ची 'बोथ साइड्स ऑफ द स्काय'. २०२४ मध्ये 'इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओज : अ जिमी हेंड्रिक्स व्हिजन' हा पाच एलपींचा संच आला. त्यातली ३९ पैकी ३८ रेकॉर्डिंग्ज याआधी बाहेर आलेली नव्हती.

या तिसऱ्या काळातलं सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. पण लाइनर नोट्समध्ये, म्हणजे एलपीसोबत छापलेल्या माहितीत, तारीख, स्टुडिओ आणि वादक छापलेले असतात. ग्राहकाला एवढं पुरतं.

पायरी ३ : 'न ऐकलेलं' म्हणजे नेमकं काय, ते गाण्यागणिक ठरवा

स्टिकरवरचा हा दावा चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि चारही वेळा तो कायद्याच्या दृष्टीने खराच असतो.

पहिला प्रकार, गाणंच नवं. हे फार दुर्मीळ. पन्नास वर्षं उलटल्यावर संपूर्ण नवी रचना सापडणं जवळपास अशक्य.

दुसरा, गाणं माहीत असलेलं पण टेक, म्हणजे वाजवून रेकॉर्ड करण्याची खेप, वेगळा. त्रयीचा मोठा भाग हाच आहे. उदाहरणार्थ 'हिअर माय ट्रेन अ कमिन' हे गाणं तिन्ही एलपींवर आहे आणि तिन्ही टेक वेगळे आहेत. ज्याला तपशिलात रस आहे त्याच्यासाठी ही मेजवानी. ज्याला दहा नवी गाणी हवी होती तो मात्र चिडणार.

तिसरा, टेक तोच पण मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांची जुळणी, वेगळा, किंवा नंतर चढवलेली वाद्यं काढून टाकलेला. ऐकायला हा प्रकार सर्वांत मजेशीर. तो शेवटच्या पायरीत.

चौथा, चोरट्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं फिरत असलेलं, आता अधिकृतपणे आलेलं. जुन्या संग्राहकांना तोंडपाठ असलेलं गाणं कंपनीच्या लेखी 'अप्रकाशित' असतं. पण मूळ मल्टीट्रॅक टेपवरून नीट मिक्स केलेलं ऐकलं की जुनी खरखरीत प्रत परत लावावीशी वाटत नाही, म्हणून हा प्रकार टाकाऊ समजू नका.

घरी बसून हे ठरवायचं तर गाण्यांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे एक ते चार यांतला आकडा लिहा. रेकॉर्डिंगची तारीख आणि वादक डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर किंवा लाइनर नोट्सच्या छायाचित्रात सापडतात. 'बोथ साइड्स ऑफ द स्काय'च्या १३ पैकी १० रेकॉर्डिंग्ज आधी प्रसिद्ध झाली नव्हती, असं कंपनीने सांगितलं होतं. आकडे घालून बघितलं की त्या दहांतली बहुतेक दुसऱ्या प्रकारात बसतात. मग किंमत परवडते का, हा प्रश्न तुमचा तुम्हीच सोडवू शकता.

वादकांच्या नावांनीही बरंच कळतं. बासवर नोएल रेडिंग आणि ड्रमवर मिच मिचेल असले तर हेंड्रिक्सचा मूळ बँड 'एक्सपिरियन्स', म्हणजे १९६९ च्या जूनआधीचं काम. बिली कॉक्स आणि बडी माइल्स दिसले की बँड ऑफ जिप्सीजचा सुमार : ठाशीव, संथ, फंककडे झुकलेला. कॉक्स आणि मिचेल ही जोडी असेल आणि स्टुडिओ इलेक्ट्रिक लेडी, तर १९७० चा उन्हाळा. तिथे डोळे मिटून हात घाला.

आणि हेंड्रिक्स नेमकं काय वाजवतोय हेही बघा. 'बोथ साइड्स ऑफ द स्काय'वर गायक-गिटारवादक स्टीव्हन स्टिल्ससोबतचं 'वुडस्टॉक' आहे, ३० सप्टेंबर १९६९ चं. त्यात स्टिल्स गातो आणि हेंड्रिक्स बास वाजवतो. ऐतिहासिक ऐवज म्हणून बहारदार, पण त्याच्या गिटारसाठी पैसे मोजलेल्याला हे आधी ठाऊक असलेलं बरं. त्याच एलपीच्या शेवटी 'चेरोकी मिस्ट' आहे. तिच्या श्रेयनामावलीत गिटारसोबत सतारही हेंड्रिक्सच्या नावावर लिहिली आहे. आपल्या कानांनी मैफलीची अपेक्षा ठेवू नये, पण १९६८ मध्ये त्याचा हात कुठे कुठे वळत होता ते कळतं.

पायरी ४ : मृत्यूनंतर काय चढवलं ते शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे थोडं थांबू.

१९७५ मध्ये अ‍ॅलन डग्लसने 'क्रॅश लँडिंग' काढली. त्याच्या मते टेप्सवर हेंड्रिक्सची गिटार आणि गाणं अव्वल होतं, साथ मात्र कच्ची होती. म्हणून त्याने मूळ साथीदारांचं वाजवलेलं बाजूला काढलं आणि स्टुडिओत रोजंदारीवर वाजवणारे वादक बसवले : ड्रमवर अ‍ॅलन श्वार्ट्झबर्ग, बासवर बॉब बॅबिट, दुसऱ्या गिटारवर जेफ मिरोनॉव. यातला एकही माणूस हेंड्रिक्ससोबत त्या खोलीत नव्हता. वर डग्लसने काही गाण्यांवर सहरचनाकार म्हणून स्वतःचं नाव लावलं. एलपी अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली आणि चाहते मात्र आजतागायत त्याला शिव्या घालतात. त्याच वर्षीची 'मिडनाइट लाइटनिंग' याच पद्धतीची. १९९५ च्या 'व्हूडू सूप'मध्येही त्याने काही ठिकाणी नवे ड्रम वाजवून घेतले.

डग्लसची बाजू अजिबात नाही असं नाही. १९८० ची 'नाइन टू द युनिव्हर्स' त्याचीच. त्या जॅम त्याने कापल्या, जोडल्या, पण परकी वाद्यं चढवली नाहीत, आणि ती एलपी मला अजूनही आवडते.

मग नंतर वाजवलेलं सगळंच वाईट का? तसंही नाही. 'द क्राय ऑफ लव्ह'मधल्या 'ड्रिफ्टिंग'वरचं व्हायब्राफोन हेंड्रिक्स गेल्यानंतर बझी लिनहार्टने वाजवलं, आणि ते तिथे शोभतं. 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'वरच्या तीन गाण्यांत, म्हणजे 'मिस्टर बॅड लक', 'लव्हर मॅन' आणि 'क्राइंग ब्लू रेन' यांत, रेडिंग आणि मिचेल यांनी १९८७ मध्ये आपापले भाग नव्याने वाजवले. त्यांचा जुना निर्माता चॅस चँडलर याने ते करवून घेतलं होतं. माणसं मूळचीच, पण हात वीस वर्षांनी वयस्क झालेले. हे लाइनर नोट्समध्ये लिहिलेलं आहे. समोरच्या स्टिकरवर अर्थातच नाही.

तपासायची रीत सोपी आहे. श्रेयनामावलीत एकाच गाण्यापुढे दोन तारखा किंवा दोन स्टुडिओ आहेत का बघा. त्यातली एक तारीख सप्टेंबर १९७० नंतरची असेल तर ते गाणं नंतर हाताळलेलं आहे. दोन्ही आधीच्या असतील तर हेंड्रिक्सने स्वतः टप्प्याटप्प्याने काम केलं असेल, किंवा संपादकाने त्याचे दोन टेक जोडले असतील. तारखाच छापलेल्या नसतील, तर १९७० च्या दशकातल्या एलपीच्या बाबतीत संशय धरा आणि ती घ्यायच्या आधी डिस्कॉग्जवर वादकांची नावं शोधा.

माझी स्वतःची रेघ अशी : भर घातली तर ऐकून ठरवतो, मूळ काढून टाकलं असेल तर स्वस्तात मिळाली तरच घेतो.

पायरी ५ : चेहरा मोठा, वाटा छोटा : या सापळ्यात पडू नका

ऑक्टोबर १९६५ मध्ये, प्रसिद्ध होण्याआधी, हेंड्रिक्सने न्यूयॉर्कच्या एड चाल्पिन नावाच्या निर्मात्याशी एका डॉलरवर आणि एक टक्का रॉयल्टीवर करार केला. कर्टिस नाइटच्या बँडमध्ये तो तेव्हा साथीला गिटार वाजवायचा. पुढे त्याचं नाव झाल्यावर ती साथीची रेकॉर्डिंग्ज त्याच्या मोठ्या फोटोखाली शेकडो वेगवेगळ्या वेष्टनांत जगभर विकली गेली. सॅक्सोफोनवादक लॉनी यंगब्लडसोबतच्या त्या काळातल्या कामाचंही तेच झालं. काही एलपींवर तर दुसऱ्याच कोणाची गिटार हेंड्रिक्सची म्हणून खपवली गेली.

जुन्या बाजारात अशा एलपी अजून भेटतात. ओळखायच्या खुणा : मुखपृष्ठावर १९६९ चा झालरीच्या जॅकेटातला फोटो, गाण्यांची नावं अनोळखी, मागे वादकांची नावं नाहीत, तारीख नाही, आणि कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. उत्सुकता असेलच तर २०१५ ची 'यू कान्ट यूज माय नेम' घ्या. कर्टिस नाइटसोबतचीच रेकॉर्डिंग्ज आहेत, पण हक्क मिळवल्यावर एक्सपिरियन्स हेंड्रिक्सने नीट साफ करून, प्रामाणिक नावाखाली काढलेली.

पायरी ६ : क्रम ठरवा

तीन मूळ एलपी अजून घरात नसतील तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि त्या आधी आणा.

त्या असतील तर पुढची 'द क्राय ऑफ लव्ह' किंवा 'फर्स्ट रेज'. दोन्ही नकोत, गाणी बरीचशी तीच आहेत. एकसंध एलपीचा आनंद हवा असेल तर पहिली. २०१४ मध्ये ती 'रेनबो ब्रिज'सोबत परत एलपीवर आली, त्यामुळे जुन्या प्रतीमागे धावायची गरज नाही. सगळा आराखडा एकत्र हवा असेल तर 'फर्स्ट रेज'.

त्रयीतली पहिली कोणती? बहुतेक जण वर्षाच्या क्रमाने जातात. मी 'पीपल, हेल अँड एंजल्स' आधी घ्यायला सांगेन. १२ गाणी, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेंड्रिक्स एक्सपिरियन्सच्या चौकटीबाहेर पडू पाहतोय, नवे साथीदार आजमावतोय, हे स्पष्ट ऐकू येतं. नंतर 'बोथ साइड्स'. 'व्हॅलीज' शेवटी, कारण तिच्यात जुन्या ओळखीच्या गाण्यांचे वेगळे टेक जास्त आहेत.

२०२४ चा इलेक्ट्रिक लेडी संच महाग आहे आणि तो पहिल्या खरेदीसाठी नाही. त्यात एकाच गाण्याचे घडत जाणारे टप्पे ऐकायला मिळतात. पूर्ण झालेलं रूप कानात पक्कं बसलेलं नसेल तर त्या टप्प्यांचा काही उलगडा होत नाही.

पायरी ७ : प्रत तपासा

रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात कोरलेली अक्षरं वाचा. टॉर्च तिरका धरला की दिसतात. हा रनआउट म्हणजे त्या प्रतीचा जन्मदाखला. लॅकर, म्हणजे जिच्यावरून साचे बनतात ती पहिली तबकडी, कोणी कापलं, कुठल्या कारखान्याने तबकडी दाबली, हे तिथे सापडतं. अलीकडच्या हेंड्रिक्स एलपींचं मास्टरिंग, म्हणजे तबकडी कापण्याआधी आवाजाला दिलेला शेवटचा हात, बऱ्याचदा लॉस एंजेलिस भागातल्या बर्नी ग्रुंडमनचं असतं आणि त्याच्याकडे कापलेल्या लॅकरवर बहुधा त्याची आद्याक्षरं असतात. रनआउटमधला क्रमांक डिस्कॉग्जवर टाकला की नेमकी आवृत्ती मिळते.

वजनावर भुलू नका. १८० ग्रॅमची तबकडी हाताला छान लागते आणि कमी वाकते, पण आवाज मास्टरिंगवर आणि दाबण्याच्या दर्जावर ठरतो.

दोन तबकड्यांत एलपी काढली आहे म्हणजे ग्राहकाला लुटलं, असंही समजू नका. ३३⅓ च्या वेगाला सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि लेबलजवळ तोच वेग २० च्या आसपास येतो. तेवढ्याच लांबीत दुपटीहून जास्त माहिती कोंबली जाते. विकृत गिटार, झांजा, फझ, म्हणजे हेंड्रिक्सचं सगळंच, तिथे फाटायला लागतं. एका बाजूला पंधरा-अठरा मिनिटंच ठेवली तर खाच आतपर्यंत न्यावी लागत नाही.

वापरलेली प्रत घेत असाल तर दर्जाची भाषा शिकून घ्या. विक्रेत्याने 'व्हीजी' लिहिलं तर त्या अक्षरांचा अर्थ 'फार चांगली' असला तरी बाजारात ती खरखर करणारी प्रत असते. ऐकण्याजोगी हवी तर 'व्हीजी प्लस'च्या खाली जाऊ नका. आणि जुन्या 'क्रॅश लँडिंग'ला दुर्मीळ म्हणून भाव चढवला जात असेल तर हसून पुढे व्हा. ती त्या काळी भरपूर खपली, त्यामुळे प्रतींना तोटा नाही.

मुंबईत असाल तर नव्या प्रतींसाठी माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब आहे, जुन्यासाठी चोर बाजारची मटन स्ट्रीट. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तिथे उभं राहून तासभर वेष्टनं वाचायची चैन संपली. परदेशातून मागवायची तर किमतीत टपाल, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी आधीच धरा. अमेरिकेत राहणारा भाचा दिवाळीला येणार असेल तर त्याला आधीपासून सांगून ठेवा आणि एलपी हातातल्या बॅगेत आणायला सांगा. चेक-इन बॅगेत कोपरे चेपतात.

पायरी ८ : घरी आल्यावर

सील फोडा. सीलबंद ठेवल्याने किंमत वाढते हे खरं असलं तरी ताणलेलं प्लास्टिक दमट हवेत वेष्टन वाकवतं. तबकडी सपाट आहे का, मधलं भोक बरोबर मध्यावर आहे का ते बघा. भोक सरकलेलं असेल तर लांबवलेल्या स्वरांना लाटेसारखा हेलकावा येतो, आणि हेंड्रिक्सच्या बाबतीत तो त्याचाच परिणाम समजून लोक गप्प बसतात. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलत असेल तर दोष तबकडीत आहे. परतीची मुदत संपायच्या आत चारही बाजू वाजवून घ्या.

नव्या रेकॉर्डवरही कागदाची धूळ असते. कार्बन फायबरचा ब्रश दर वेळी फिरवा. ओली स्वच्छता करायची तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड, पुसायचं ते खाचेच्या दिशेने. लेबल ओलं करायचं नाही. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत बसतात. एक खबरदारी : घरात आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या असतील तर एलपीसाठी आणलेलं अल्कोहोलचं द्रावण त्यांना लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

आतलं कागदी पाकीट काढून पॉलिथिनचं घाला, बाहेरून साधं पॉलिथिन कव्हर. मऊ पीव्हीसीचं पाकीट टाळा, ते तबकडीवर डाग पाडतं. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकमेकींना न चेंगरता. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळा हा रेकॉर्डचा खरा शत्रू. बुरशी आधी वेष्टनाला धरते, मग आत उतरते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या जून ते सप्टेंबर बदलत राहा. विदर्भ-मराठवाड्यात उलटं : एप्रिल-मेमध्ये गच्चीखालच्या खोलीत आणि बंद गाडीत एलपी ठेवू नका, वाकतात.

सुईचा भार उत्पादकाने दिलाय तेवढाच ठेवा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या बऱ्याच घरांत दिसणाऱ्या कार्ट्रिजला तो २ ग्रॅम आहे. सूटकेसमध्ये बसणाऱ्या स्वस्त प्लेअरचा भार याच्या दुपटीहून जास्त असतो. त्यावर एवढी महाग एलपी वाजवू नका. लंबगोल टोकाची सुई साधारण ३०० तासांनंतर बदलावी, असं ऑडिओ-टेक्निकाच सांगते.

पायरी ९ : ऐकायची रीत

पहिली बैठक तुलना न करता, नुसती. लाइट मंद, फोन दुसऱ्या खोलीत.

दुसऱ्या बैठकीला 'हिअर माय ट्रेन अ कमिन'चे तीन टेक लागोपाठ लावा. 'व्हॅलीज' आणि 'बोथ साइड्स'वरचे टेक एप्रिल १९६९ चे, रेडिंग आणि मिचेलसोबतचे. 'पीपल, हेल'वरचा त्याच वर्षीच्या मे महिन्यातला, बिली कॉक्स आणि बडी माइल्ससोबतचा. गिटारकडे अजिबात लक्ष देऊ नका, फक्त ड्रम ऐका. मिचेल जॅझच्या वळणाचा, गिटारशी सवाल-जवाब करत, सतत तुकडे टाकत राहतो. माइल्स ठेका धरतो आणि सोडत नाही. आता सुई परत सुरुवातीला ठेवा आणि गिटार ऐका. साथ बदलली की हेंड्रिक्सचे श्वास घ्यायचे थांबे बदलतात. मिचेलसमोर तो जागा भरतो, माइल्ससमोर तो जागा सोडतो. हे एकदा कानाला लागलं की श्रेयनामावली न वाचताही कुठला काळ आहे ते ओळखता येऊ लागतं.

तिसऱ्या बैठकीसाठी डग्लसची जुनी 'क्रॅश लँडिंग' कोणाकडून तरी मागून आणा. तिचं शीर्षकगीत लावा, आणि लगेच 'पीपल, हेल अँड एंजल्स'वरचं तेच गाणं. ते एप्रिल १९६९ चं, कॉक्स आणि ड्रमर रॉकी आयझॅक यांच्या मूळ साथीसह आहे. १९७५ ची आवृत्ती जास्त घट्ट आहे, हे मान्य करायला हरकत नाही. ड्रम घड्याळासारखे चालतात. २०१३ ची सैल आहे, मध्येच डगमगते. पण हेंड्रिक्स ज्या क्षणी पुढे झेपावतो त्या क्षणी मागचे दोघेही त्याच्यासोबत झेपावतात, कारण ते त्याला ऐकत होते. जुन्या एलपीवर तो झेपावतो आणि मागचे ठरलेल्या जागीच राहतात. मग हाच प्रयोग 'समव्हेअर'वर करा. ते जुन्या एलपीवर 'समव्हेअर ओव्हर द रेनबो' या नावाने आहे, आणि २०१३ च्या आवृत्तीत ड्रमवर बडी माइल्स आणि बासवर स्टीव्हन स्टिल्स आहे.

हे सगळं झाल्यावरही भूक राहिली, तर एक्सपिरियन्स हेंड्रिक्सच्याच डॅगर रेकॉर्ड्स या छोट्या लेबलकडे वळा. १९९८ पासून ते मुख्य बाजारासाठी फार कच्ची ठरतील अशी रेकॉर्डिंग्ज काढतं. 'हिअर माय म्युझिक' आणि 'बर्निंग डिझायर' यांत स्टुडिओतले जॅम आणि अर्धवट कल्पना आहेत. गाणी थोडी, बिनगाण्याचं वाजवणं भरपूर. पाहुणे आलेले असताना मात्र लावू नका.